मूळ ठिकाण

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक घंटा आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून पायऱ्या उतरलं की देवळाशेजारी टांगलेली दिसते. माझं माहेर तिथून पायी अर्ध्या तासावर. घंटेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई आहे, त्याखाली १७०७ हा आकडा. आम्ही पोरी तिला सटवाई समजून हात जोडायचो. पुढे गुरुजींनी सांगितलं, ही येशूची आई मेरी; चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून ही घंटा आली. वर्ग ताठ बसला. वसई कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

१९९० साली मला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. पालघरला उतरून मनोरच्या रस्त्याला लागणाऱ्या एसटीत पत्र्याची पेटी चढवली आणि सूर्या नदीच्या काठी मासवणला आले. घंटा ज्या मुलखातून आमच्याकडे गेली, तिथे मी उलटी आले. इथे मी 'घाटावरची बाई'. दोनदा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केला, तिसऱ्यांदा केला नाही. आता निवृत्त होऊनही इथेच आहे.

हे आठवायचं कारण एक वीट. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी चौथीच्या मुलांना घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगितली होती. व्हरांड्यात बाकं लावून प्रदर्शन. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी: नाव, कुणाची, किती जुनी, मूळ ठिकाण. संग्रहालयात असतं तसं. कुणी जातं आणलं, कुणी कोयता, एकाने आजोबांचा तारपा. मागच्या बाकावरच्या मुलीने ओढणीत गुंडाळून वीट आणली. कच्ची, अजून भट्टीत न गेलेली. मधल्या खाचेत मालकाच्या नावाची दोन अक्षरं आणि एका कडेला अंगठ्याचा ठसा.

"ही जुनी कशी गं?" मी विचारलं.

"जुनी नाय बाई. बापानं काल पाडलीय."

तिचे आईबाप मोखाड्याकडचे. दिवाळीनंतर तिकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला नवराबायको पोरांसकट वीटभट्टीवर येतात. पाऊस तोंडावर आला की परततात. याला ते कामाला जाणं म्हणत नाहीत, 'जगायला जाणं' म्हणतात. भट्टीवरच्या गवताच्या खोपटाला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने अशा मुलांसाठी भट्ट्यांवरच शाळा चालवल्या, त्यांचं नावच भोंगाशाळा. माझ्याकडची ही मुलगी मात्र गावातल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरात दुसऱ्या गावच्या शाळेत बसू देणारं कार्ड, घेऊन आली होती.

चिठ्ठी लिहिताना ती 'मूळ ठिकाण'पाशी अडली. माती इथल्या शेतातली, पाणी नदीचं, मिसळलेला भाताचा तूस गिरणीतला. पाडणारा मोखाड्याचा. पक्की झाली की वीट ट्रकने विरारला. मग मूळ ठिकाण कुठलं? मी तिला म्हटलं, तो रकाना सोड. खरं तर रकानाच चुकला होता आणि तो मी आखला होता.

तेव्हापासून मी संग्रहालयांतल्या पाट्या वाचायला लागले. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात सहल नेली होती. ते १८७२ साली लोकांना खुलं झालं, व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावाने. तिथे मुंबईत राहणाऱ्या जातीजमातींच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पागोटी, लुगडी, दागिने, सगळं नीट. एका मुलाने विचारलं, "बाई, यांची नावं काय?" नावं नव्हती, जात होती. गोऱ्या साहेबाला माणूस ओळखायला तेवढं पुरत असावं. बाहेर अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते जोडले. मुलांना सबंध सहलीत हीच गोष्ट लक्षात राहिली. क्रेन मोडली नसती तर लंडनच्या कुठल्या तरी दालनात त्याच्याखाली काय लिहिलं असतं? 'मूळ ठिकाण: मुंबई.' संपलं.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. उद्या या जिल्ह्याचं मोठं संग्रहालय उभं राहिलं तर त्यात काय असेल हे मी डोळे मिटून सांगते: वारली चित्रांची भिंत, तारपा, मासेमारीची जाळी, वसईच्या लढाईचं चित्र. असू दे. माझं मागणं पाटीपुरतं आहे. 'मूळ ठिकाण' पुसा आणि तिथे 'कुठून कुठे, कुणी नेलं' असा रकाना घाला.

तो भरायला या मुलखात वस्तूंची वाण नाही. मनोरच्या पुढे अशेरीगडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड उघड्यावर पडलेला आहे. ट्रेकला येणारी पोरं त्याच्याशेजारी फोटो काढतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाल्यावर पोर्तुगीज इथे नुसते लढायला नव्हते, जमिनी घेऊन राहायला आले होते. दोनशे वर्षं राहिले. इकडे तारापूरचा किल्ला. १७३९ च्या जानेवारीत तो घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि पुढे पेशव्यांनी तोच किल्ला विकाजी मेहरजी या पारशी गृहस्थांना इनाम दिला. इराणातून आलेल्यांच्या वंशजाला, पोर्तुगीजांनी राखलेला किल्ला, पुण्याहून इनाम! याचं मूळ ठिकाण कोण सांगणार? त्याच तारापुरात अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या एखाद्या घराचं दार किंवा तुळशीवृंदावन कुणी जपून ठेवलं असेल, तर ते मला चिमाजी अप्पांच्या चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

माझा भाचा न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जाऊन आला. तिथे जुन्या प्रवाशांच्या पेट्या, टोपल्या, गाठोडी रचून ठेवली आहेत. त्याने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, तुझी पेटी शोभेल इथे." माझ्या पेटीत आता तांदूळ असतात.

कुणी म्हणेल, विजयाची घंटा ती विजयाचीच, तिला कशाला इतके फाटे? मीही मेणवलीकडचीच, अभिमान मलाही आहे. पण १७०७ ते १७३९ ती वाजली ती कुणासाठी? तिच्या आवाजाने प्रार्थनेला जाणाऱ्यांत इथले, बाटवलेले किंवा आपखुशीने गेलेले लोकही होते, त्यांचे वंशज आजही वसईत मराठीच बोलतात. तिला घाट चढवून नेणाऱ्यांची नावं तर आमच्या गुरुजींच्या गोष्टीतही नव्हती. दोन अक्षरं मालकाची असतात, अंगठा दुसऱ्याचा.

विटेची चिठ्ठी शेवटी त्या मुलीने स्वतःच भरली. 'मूळ ठिकाण' खोडून तिने चार ओळी लिहिल्या: शेत, नदी, बाप, विरार. प्रदर्शन दोन दिवस ठेवायचं होतं. पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती वीट परत ओढणीत बांधायला लागली. राहू दे की उद्यापर्यंत, मी म्हटलं.

"नको बाई. संध्याकाळी मोजणी हाय. एक कमी भरंल."