विष्णुपुरीचा मे महिन्यातला ताळेबंद

नांदेडला पाहुणा आला की त्याला गुरुद्वारा दाखवतात, काळेश्वराचे दर्शन घडवतात आणि तिथूनच पलीकडचे पाणी दाखवून ठरलेले वाक्य ऐकवतात, ‘ही आशियातली सर्वांत मोठी उपसा सिंचन योजना.’ पाहुणा मान डोलावतो. आशियाची मोजणी कोणी केली हे विचारण्याची वेळ ती नसते. पण आकडा सांगायलाच हवा. गोदावरीवरच्या विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयात सुमारे 80 दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी मावते. त्याच गोदावरीवर वर असलेल्या जायकवाडीचा जिवंत साठा 2,171 दलघमी आहे. म्हणजे विष्णुपुरीसारखे सत्तावीस जलाशय जायकवाडीत बसतील. मोठेपण पंपांचे असेल, पाण्याचे नाही. इथल्या सगळ्या भांडणांचे मूळ या फरकात आहे.

या जलाशयावर दावा कोणाकोणाचा? नांदेड शहर, औद्योगिक वसाहत, कालव्याखालचे नांदेड, लोहा, कंधार भागातले शेतकरी आणि काठावरच्या गावांतल्या मोटारी. पावसाळ्यात दरवाजे उघडून पाणी सोडून द्यावे लागते आणि मे महिन्यात मृतसाठ्याच्या बातम्या येतात. अशा ठिकाणी ‘शाश्वत ऊर्जा’, ‘शाश्वत उद्योग’ यांवर बोलणाऱ्यांचे तीन पक्ष आहेत. तिन्ही पक्षांचे लोक शिकलेले आहेत, काही माझे स्नेहीही आहेत. तरी त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे आहे.

पहिला पक्ष म्हणतो, उपसा योजना हा पांढरा हत्ती आहे. पाणी वर चढवायला वीज लागते, बिल शेतकऱ्याला पेलत नाही, थकबाकी साचते, वीज तुटते. तेव्हा पंप बंद करा आणि पाणी शहराला व उद्योगाला द्या. ऐकायला हे हिशेबी वाटते. म्हणून हिशेबच करू. एक हजार घनमीटर पाणी एक मीटर वर उचलायला तत्त्वतः पावणेतीन युनिट वीज पुरते. हे निसर्गाचे दरपत्रक आहे, त्यात महावितरणचा काही संबंध नाही. उंची 30 मीटर धरली आणि पंपाची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर हजार घनमीटरला 117 युनिटे लागतात. एक हेक्टर उसाला वर्षाला 20 हजार घनमीटर पाणी धरले तर 2,340 युनिटे. युनिटला पाच रुपये लावा, बिल होते पावणेबारा हजारांच्या आसपास. हेक्टरी सत्तर टन ऊस आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला अडीच हजार धरले तर हाती पावणेदोन लाख येतात. पावणेदोन लाखांच्या पिकाला बारा हजारांची वीज न परवडणारी कशी?

परवडत नाही ती गळती. निम्मे पाणी कालव्यात आणि चाऱ्यांत मुरले की तेच बिल दुप्पट होते. वरच्या अंगाचा शेतकरी पाणी घेतो आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा, शेतकरी पाळीची वाट पाहत बसतो. टेलवाल्याला पाणी मिळाले नाही तर तो पाणीपट्टी का भरेल? मग वसुली खालावते आणि थकबाकीचे खापर विजेवर फुटते. पश्चिम महाराष्ट्रात ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या बाबतीत हेच नाटक होऊन गेले आहे. शेवटी सरकारने बिलाचा 81 टक्के भार स्वतःवर घेऊन 19 टक्के शेतकऱ्यावर ठेवण्याचे सूत्र आणले. भार हलका झाला, पण गळती तिथेच राहिली.

याच हिशेबातून दुसरी गोष्टही निघते, आणि ती पहिल्या पक्षाला आवडेल तरी त्याच्या कामाची नाही. हरभऱ्याला हेक्टरी तीन हजार घनमीटर पाणी पुरते, वीज साडेतीनशे युनिटे. एका हेक्टर उसाच्या विजेत आणि पाण्यात साडेसहा हेक्टर हरभरा निघतो. तेव्हा पंप बंद करण्याऐवजी पंपातून वर चढलेले पाणी कोणत्या पिकाला जाते ते विचारा. पांढरा हत्ती पंपघरात नाही, तो फडात उभा आहे.

दुसरा पक्ष सध्या जोरात आहे, सौरवाल्यांचा. त्यांच्या मते प्रश्न ऊर्जेचा आहे आणि उत्तर सूर्याचे आहे. म्हैसाळ योजनेसाठी सौरप्रकल्प येतो आहे, जायकवाडीच्या पाण्यावर 1,200 मेगावॉटच्या तरंगत्या पॅनेलांची योजना आहे, मग विष्णुपुरीला का नको? मला सूर्याशी वैर नाही. दिवसा वीज मिळणे ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. रात्रीच्या थ्री फेजसाठी दोन वाजता उठून, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्याला कोणी सौरऊर्जेचे तोटे सांगू नयेत. तरंगत्या पॅनेलने बाष्पीभवन घटते हेही खरे. मराठवाड्यातल्या उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नुसते उडून जाते.

पण सौर लावल्याने पाणी वाढत नाही, फक्त उपसणे स्वस्त होते. आणि कमी पाण्याच्या जलाशयावर उपसणे स्वस्त होणे धोक्याचे असते. उन्हाळ्यात शंकरसागराच्या काठाने एकदा चालून पाहा. ड्रमांच्या तराफ्यावर मोटार बांधलेली, काळा पाइप चिखलातून वर शेताकडे गेलेला, वायर बाभळीच्या मेढींवर टांगलेली. पाणी मागे सरकले की तराफा खाली ओढायचा. त्याहून मागे गेले की गाळात चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. यातल्या काही मोटारींना परवानगी आहे, काहींना नाही. साडेसात अश्वशक्तीची अशी एक मोटार दिवसाला आठ तास चालली आणि दहा मीटर उंची, निम्मी कार्यक्षमता धरली, तर ती रोज आठशे घनमीटर पाणी उचलते. अशा शंभर मोटारी शंभर दिवस चालल्या की आठ दलघमी पाणी गेले, म्हणजे भरल्या जलाशयाचा दहावा हिस्सा. आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. कालव्याखालच्या टेलच्या माणसाने पाणीपट्टी भरायची आणि काठावरच्याने फुकट विजेवर त्याच्या आधी पाणी ओढायचे, हा कुठला न्याय? दर उन्हाळ्यात पथके नेमतात, वीज तोडतात, मोटारी जप्त करतात आणि जूनमध्ये सगळे विसरतात. उद्या त्याच मोटारींवर पॅनेल बसले तर तोडायला वायरही उरणार नाही.

जायकवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. तो जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्यावर मासेमारी करणारी कुटुंबे जगतात. तरंगत्या पॅनेलांविरुद्धची कहार समाजाच्या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये फेटाळली. कायद्याचा निकाल लागला. पण पाण्यावर पॅनेल टाकताना त्या पाण्यावर आधीच कोणाचे पोट आहे, हा प्रश्न निकालाने मिटत नाही. विष्णुपुरीच्या काठावरही मासेमारी करणारे भोई आहेत, हे इथल्या सौरवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

ऊर्जा आधी आणि पाणी मागाहून असा विचार केला की काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र बघा. पहिला संच 1971 मध्ये आला. पुढे संच वाढत गेले आणि पाच मोठ्या संचांची क्षमता 1,130 मेगावॉट झाली. कोळसा रेल्वेने आणता आला, पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येणार होते. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद पडले. जुलै 2015 मध्ये पुन्हा बंद पडले. आणि केंद्र असे कोरडे पडलेले असताना शेजारी 250 मेगावॉटच्या आठव्या संचाचे काम चालू होते! एक मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर पाणी या केंद्र सरकारच्या 2015 च्या मर्यादेने पाहिले, तरी 1,130 मेगावॉट पूर्ण क्षमतेने वर्षभर चालवायला सुमारे 35 दलघमी पाणी लागते. विष्णुपुरीचा चाळीस टक्क्यांहून अधिक साठा. हा आकडा पायाभरणीच्या दिवशीही काढता आला असता.

परळी बंद पडली त्याच दुष्काळात, एप्रिल 2016 मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, पुढे एका खेपेला पंचवीस लाख. देशभर कौतुक झाले, फोटो छापून आले. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आटले होते, आणि मांजरा खोऱ्यात साखर कारखान्यांची रांग होती. आज लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना आहे, त्याचा अभिमान वाटतोच. पण कोणत्याही उद्योगाला जागा, रस्ता, वीज दाखवताना मे 2016 चा साठा दाखवला जातो का? शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात वर्षभरात किती पाणी घेतले ते येते. ते कोणत्या महिन्यात घेतले आणि त्या महिन्यात गावात टँकर चालू होता का, हे कोणी छापत नाही. मराठवाड्यात वार्षिक सरासरी ही लबाड गोष्ट आहे. ऑगस्टचे आणि मे महिन्याचे पाणी एका रकान्यात मांडणारा अहवाल खोटा नसेलही, पण निरुपयोगी असतो.

तिसरा पक्ष राजकीय सभांत टाळ्या घेतो. ‘आपले पाणी तेलंगणात वाहून जाते, आणखी बंधारे बांधा.’ त्याला थोडक्यात उत्तर आहे. पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणापर्यंत महाराष्ट्राने नव्याने किती पाणी वापरायचे याला आंतरराज्य करारात 60 टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवून दिले. म्हणजे पावसाळ्याचे मुख्य पाणी बाभळीत धरताच येत नाही. हे माहीत असूनही जो बंधाऱ्याचे आश्वासन देतो, त्याला पाणी नको, मते हवीत.

आता माझे म्हणणे. विष्णुपुरीवरची कोणतीही योजना, कारखाना किंवा सौरप्रकल्प टिकणार की नाही हे मे महिन्यातल्या पाण्यावर ठरते, म्हणून परवानगी त्या महिन्याच्या हिशेबावर द्यावी. वीज चंद्रपूरहून तारेने येईल, राजस्थानहूनही येईल. पाणी तसे आणता येत नाही, आणि आणलेच तर रेल्वेने पंचवीस लाख लिटर येते.

या हिशेबात पहिला हक्क पिण्याचा. 2011 च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती. माणशी 135 लिटर धरले तर वर्षाला 27 दलघमी लागतात, जलाशयाचा तिसरा हिस्सा. आता लोकसंख्या त्याहून मोठी आहे. हे पाणी बाजूला काढून उरलेले वाटायचे. त्यानंतर शेती, मग उद्योग. हा क्रम राज्यानेच 2011 मध्ये ठरवला आहे, त्याआधी उद्योग शेतीच्या पुढे होता.

उद्योगाने यावर कुरकुर करायचे कारण नाही, कारण त्याच्यासाठी दुसरे पाणी आहे. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, दिवसाला तेरा कोटी लिटर क्षमतेची ती योजना आहे. परळी कोरडी पडली तेव्हा विदर्भातला हा मार्ग महानिर्मितीलाच माहीत होता. नांदेडचे नाले मात्र गोदावरीच्या घाटांवर जाऊन मिळतात. नदीही घाण होते आणि पाणीही वाया जाते. औद्योगिक वसाहतीला धरणाचे ताजे पाणी आणि गोदावरीला शहराचे सांडपाणी, ही उलटी व्यवस्था आधी सरळ करावी लागेल. ती महापालिकेची आणि औद्योगिक महामंडळाची एकत्र जबाबदारी आहे, आणि दोघांपैकी एकाने सुरुवात करेपर्यंत दुसरा वाट पाहणार हे आपल्याला माहीत आहे.

शेतीच्या बाबतीत नवे काही शोधायचे नाही. ज्यांचे नाव या जलाशयाला आहे त्या शंकरराव चव्हाणांनी ऐंशीच्या दशकात मुख्यमंत्री असताना आठमाही पाण्याचे धोरण मांडले होते. कालव्याचे पाणी बारमाही उसात न घालवता खरीप आणि रब्बीच्या जास्त शेतांना पुरवायचे. साखरेच्या राजकारणाने ते चालू दिले नाही. 2017 मध्ये कालव्याखालच्या उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही झाला, तो किती पाळला गेला हे फडात पाहून कळते. शंकररावांचा पुतळा उभारणे सोपे आहे, त्यांचे आठमाही धोरण त्यांच्याच नावाच्या पाण्यावर राबवायला धैर्य लागते. हळद, हरभरा, ज्वारी घेणाऱ्या टेलच्या शेतकऱ्याला पहिली पाळी द्या. ज्याला ऊसच हवा त्याने ठिबकवर घ्यावा. काठावरच्या मोटारींना मोफत वीज द्यायची असेल तर मीटर लावून द्या आणि जलाशय ठरावीक पातळीच्या खाली गेला की ती थांबवा. मोटारवाला ओरडेल. त्याला पाण्याचा हिस्सा द्या, पण मोजून द्या. हे सगळे बसल्यावर सौर पॅनेल लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन.

साठ्याचे नियोजन 15 ऑक्टोबरच्या पातळीवरून होते आणि त्यानंतर कालवा सल्लागार समिती बसते. त्या बैठकीला जाणाऱ्या आमदार, अधिकारी आणि पाणीवापर संस्थांच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे. या वेळी दोन आकडे टेबलावर ठेवल्याशिवाय रोटेशन ठरवू नका. मागच्या हंगामात विष्णुपुरीच्या पंपांनी किती युनिटे वीज वापरली, आणि त्या पाण्याने कोणते पीक किती हेक्टर भिजले. ते आकडे मांडायला अधिकारी तयार नसतील तर बैठक तहकूब करा.