खड्डा आणि फास

एडिनबरोत राहणाऱ्या माझ्या एका मराठी स्नेह्याने मध्यंतरी कागदांची एक चळत माझ्यापुढे आणून ठेवली. त्याला स्कॉटलंडमधली एक ‘बॅरनी’ विकत घ्यायची होती. जमीन नाही, वाडा नाही, कुंपणाचा एक दगडसुद्धा नाही. नावापुढे ‘अमुक गावचा बॅरन’ असं लावण्याचा हक्क तेवढा मिळणार. त्यासाठी लाखाच्या घरात पौंड मोजायची त्याची तयारी होती. चळतीत एका जुन्या लॅटिन सनदेची नक्कल होती. तिच्यातल्या दोन शब्दांवर मी बोट ठेवलं: ‘फुर्का’ आणि ‘फोसा’. त्याला अर्थ ठाऊक नव्हता, आणि विकणाऱ्याने तो सांगितलेला नव्हता. फुर्का म्हणजे फासाचा खांब. फोसा म्हणजे खड्डा. चोर पुरुष असेल तर खांबाला टांगायचा, बाई असेल तर पाण्याच्या खड्ड्यात बुडवायची, असा या शब्दांचा अर्थ तिथल्या जुन्या कायदेपंडितांनीच लावून ठेवला आहे.

बॅरनकी ती हीच. बाकीचं सगळं नंतर चढवलेलं पॉलिश आहे.

पहिल्या डेव्हिड राजाने, म्हणजे 1124 नंतर, ही सरंजामी व्यवस्था स्कॉटलंडमध्ये रुजवली. राजा जमीन द्यायचा, घेणारा लढाईला माणसं पुरवायचा, आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांचा न्याय करण्याचा अधिकार जमिनीबरोबरच त्याच्या हाती जायचा. खंड वसूल करणारा तोच, खंड थकला म्हणून ज्या कोर्टात खेचायचं ते कोर्ट त्याचंच, आणि तिथे न्यायाला बसणारा कारभारी त्यानेच नेमलेला. कुळाने धान्य दळायचं तर बॅरनच्याच गिरणीत, आणि त्यातला ठरलेला वाटा तिथेच ठेवून यायचं. कुळ मेलं की त्याच्या गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर बॅरनच्या दावणीला जायचं. घरात मयत झालंय आणि दारात मालकाचा माणूस बैल सोडायला उभा आहे, असा तो कायदा होता. माझा हा स्नेही कोकणातला. त्याच्या आजोबांनी खोताच्या घरी वेठ केलेली आहे. म्हणून मला राग जास्त आला, हे मी लपवत नाही.

सनदेतले शब्द नुसते शोभेचे होते, असं कुणी म्हणेल. त्याने जेनेट ग्रँटचं प्रकरण वाचावं. 1679 च्या ऑगस्टमध्ये मोरे परगण्यातल्या गॉर्डनस्टनच्या बॅरन-कोर्टापुढे तिला चोरीच्या आरोपावरून उभं केलं गेलं. तारीख 25 ऑगस्ट. कोर्ट ड्रेनी गावात भरलं होतं. शिक्षा अशी की दुसऱ्या दिवशी तिला स्पायनी तळ्यात बुडवून मारावं. सुनावणी आणि मरण यांच्यामध्ये एक रात्र. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन पाच वर्षं झाली होती, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे. अंधाऱ्या युगातली म्हणून ती बाजूला सारता येत नाही.

ग्रँट हे आडनाव मराठी वाचकाला परकं नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्याचा कारभार पाहिलेला जेम्स ग्रँट डफ त्याच उत्तर स्कॉटलंडमधल्या बँफचा. तिथल्या ग्रँट सरदारांच्या बॅरनीची हकीकत तर आणखी कडू आहे. लॉख नेसच्या काठावरचा अर्कहार्ट किल्ला आज लाखो पर्यटक पाहतात. 1509 साली चौथ्या जेम्स राजाने अर्कहार्टची बॅरनी फ्रूखीच्या जॉन ग्रँटला दिली. किल्ला दुरुस्त करायचा, दिवाणखाना, स्वयंपाकघर, भटारखाना, कबुतरखाना बांधायचा, अशा अटी सनदेत घातल्या. इमारतींची इतकी बारीक काळजी! आता सव्वादोनशेहून अधिक वर्षं पुढे या. 1746 च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर, हाकललेल्या राजघराण्यासाठी बंड करणाऱ्या जॅकोबाइट फौजेचा चुराडा झाला. अर्कहार्ट आणि ग्लेनमॉरिस्टन या दऱ्यांमधले कित्येक जण त्या फौजेत होते. त्याच ग्रँट घराण्यातल्या, पण सरकारच्या बाजूने असलेल्या लुडोविक ग्रँटने त्यांना निरोप धाडला की शरण या, तुमच्या जिवाला धोका नाही. मे महिन्यात ऐंशीहून अधिक जण त्याच्या शब्दावर इन्व्हर्नेसला आले आणि त्यांनी हत्यारं खाली ठेवली. त्यांना कैद करून जहाजांवर कोंबलं गेलं, टेम्स नदीत टिलबरीला नेलं गेलं. बरेच तिथेच मेले. उरलेल्यांना बार्बाडोसला पाठवलं. आपल्या दरीत परत आले ते अगदी थोडे.

मालकावर भरवसा ठेवला म्हणून हे झालं. मालकाने शब्द द्यायचा आणि कुळाने तो मानायचा, हे सहाशे वर्षं अंगात भिनवल्याचं हे फळ होतं. अशा व्यवस्थेचं बिरुद कुणी कोटावर मिरवावं, हे मला सहन होत नाही.

पुढच्याच वर्षी, 1747 मध्ये, पार्लमेंटने सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार मोडले. त्यामागे कुळांची दया नव्हती. सरदाराच्या हाकेला फौज उभी राहते, याची धास्ती होती. बॅरनच्या हाती किरकोळ भांडणं आणि खंडाचे दावे तेवढे उरले. पण जे काढून घेतलं त्याची भरपाई मिळाली, आणि ती एकंदर दीड लाख पौंडांच्या वर होती. एकट्या आर्गाइलच्या ड्यूकला 21,000 पौंड. माणसांना शिक्षा देण्याचा हक्क सोडल्याबद्दल रोख रक्कम! त्याच डोंगराळ मुलखातून पुढच्या शतकात मेंढ्यांसाठी हजारो कुटुंबं उठवली गेली. 1814 साली स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरांची छपरं जाळून लोकांना बाहेर काढलं, आणि पॅट्रिक सेलर नावाच्या मालकाच्या ज्या कारभाऱ्यावर त्याबद्दल खटला झाला, तो 1816 मध्ये निर्दोष सुटला. तिथे मात्र भरपाईचा शब्द कुणी काढला नाही.

2000 साली स्कॉटलंडच्या नव्या पार्लमेंटने सरंजामी जमीनधारा रद्द करणारा कायदा केला. तो 28 नोव्हेंबर 2004 पासून पुरा अमलात आला. वरच्या मालकाचा हक्क संपला, बॅरन-कोर्टाचा उरलासुरला अधिकार संपला. हे चांगलं झालं. पण त्याच कायद्यात एक कलम घालून बॅरनची पदवी वाचवली गेली. जमिनीपासून तोडली आणि विकत घेण्या-देण्याजोगी सुटी मालमत्ता करून ठेवली. कारण काय, तर पदवीला बाजारात किंमत आहे, ती बुडवली तर भरपाई द्यावी लागेल. म्हणजे 1747 चाच हिशेब पुन्हा. ज्या कायदेमंडळाने आठशे वर्षांचं जोखड उतरवलं, त्याने जोखडावरची पितळी फुलं तेवढी जपून ठेवली आणि दुकानात मांडू दिली. हा भेकडपणा होता.

वारसा, वारसा म्हणून या धंद्याचं समर्थन होतं. 1320 च्या आर्ब्रोथच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर बॅरनांच्या मोहरा आहेत, असं सांगतात. आहेत. पण त्या स्वातंत्र्यात गिरणीला बांधलेलं कुळ नव्हतं. आणि वारसाच हवा असेल तर तो दफ्तरखान्यात फुकट वाचायला मिळतो. बॅरन-कोर्टांच्या वह्या आहेत, त्यांत दंड झालेल्या माणसांची नावं आहेत. ते वाचायला पदवी लागत नाही. शिवाय घेणाऱ्याला फसवलं जातं ते वेगळंच. स्कॉटलंडमध्ये उमरावांची सर्वांत खालची पायरी ‘लॉर्ड ऑफ पार्लमेंट’ ही आहे. बॅरन हा तिथे उमराव नव्हेच. माझा स्नेही समजत होता की तो लॉर्ड होणार.

आणि कुणी म्हणू नये की हे सारं मागे पडलं आहे. स्कॉटलंडमधल्या खासगी ग्रामीण जमिनीतली निम्मी जमीन आजही पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे. पदवी विकण्याच्या या बाजाराने मालकीला मान देण्याची जुनी सवय जिवंत ठेवली आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने पदवी वाचवणारं ते कलम काढून टाकावं आणि ही पदवी कायमची बंद करावी, एक पैसा भरपाई न देता.

माझ्या स्नेह्याने अजून रक्कम भरलेली नाही. मी त्याला म्हणालो, “अरे, तुझ्या आजोबांना विचारून बघितलं असतंस तर त्यांनी काय सांगितलं असतं?” तो गप्प बसला. त्याला आणि अशी जाहिरात पाहून मोहात पडलेल्या परदेशातल्या प्रत्येक मराठी माणसाला माझं एवढंच सांगणं आहे: ते पैसे भरू नका. सनद मागवा, ती कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि ते दोन शब्द शोधा.