रोगमुक्ती आणि दृष्टी

औराद, भालकी, आळंद, अफझलपूर ह्या सीमेवरील तालुक्यांत रोग्यांसाठी ख्रिस्ती प्रार्थनासभा भरतात, त्यांना आपली माणसेही जातात, आणि त्यावरून देवस्थानांच्या बैठकींत उसळणारा संताप आमच्या कानी वारंवार येतो. संतापाचे आम्हांस वावडे नाही. तो भलत्याच ठिकाणी पडतो, एवढीच आमची तक्रार आहे.

२०२२ साली कर्नाटकात धर्मांतराविषयी कायदा झाला. त्यात 'आमिषा'च्या व्याख्येत दैवी कोपाचाही समावेश होता. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले, तेव्हा आपल्यांपैकी पुष्कळजण हळहळले. परंतु प्रसाद टाकून धावत सुटलेल्या कलावतीचा पती नौकेसह दिसेनासा होतो, ती सत्यनारायणाची कथा घरोघर सांगणाऱ्यांनी दैवी कोपाच्या धाकाला गुन्हा म्हणावे, हे कोणत्या तोंडाने?

आणि गाणगापूर! माध्यान्ह आरतीच्या वेळी तेथे खांबांना कवटाळून आक्रंदणारे, बाधा झाली म्हणून आप्तांनी आणलेले जीव कोणी पाहिले नाहीत? गुरुचरित्रात कुष्ठी नरहरी बरा होतो. त्याच ग्रंथात बीदरच्या यवन राजाच्या मांडीवरील फोड श्रीनृसिंहसरस्वतींच्या कृपेने नाहीसा होतो, आणि उपकाराच्या मोबदल्यात त्याला स्वधर्म टाकावयास सांगितले जात नाही. ही कथा आमच्याच जिल्ह्यांची आहे. आश्चर्य हे की ती आपल्या वादांत कधी निघत नाही; निघाली असती तर निम्मे वाद तेथेच मिटते.

कारण खरा मुद्दा तोच आहे. व्याधी हटली म्हणून अमुक देव खरा ठरतो काय? प्रार्थनासभांतील उपदेशक 'होय' म्हणतात. येथे आम्ही त्यांस आडवे येतो, आणि त्यांच्याच शास्त्राचा आधार घेऊन येतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याची कथा आहे. ह्याचे पाप की ह्याच्या मायबापांचे, असे शिष्य विचारतात. येशू दोहोंचेही नाही म्हणतो. पुढे आंधळ्याला दिसू लागते, आणि जे डोळस म्हणून मिरवितात तेच आंधळे ठरतात. कथेचा सारा रोख त्या दुसऱ्या आंधळेपणावर आहे. पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा याचना केली. काटा निघाला नाही, श्रद्धाही गेली नाही. बरे न झालेल्या रोग्याला 'तुझा विश्वास उणा पडला' असे सांगणाऱ्याने पौलाला काय सांगितले असते? आपल्याकडे व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली, ती त्याने नाकारली. आणि संजयाने सारे युद्ध डोळ्यांपुढे उभे केले तरी त्याचे मन पुत्रमोहातून सुटले नाही. पाहणे आणि कळणे ह्यांतील हे अंतर दोन्ही परंपरांनी ओळखले आहे.

औषध बंद करा असे सांगणाऱ्यांविषयी मात्र आमची भाषा सौम्य राहणार नाही. क्षयाच्या गोळ्या मध्येच टाकल्या की रोग परततो, आणि पुष्कळदा त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. घरातील पोरांनाही तो जडतो. असे सांगणारा पाद्री असो, मांत्रिक असो की आपल्याच मठातील कोणी असो, तो मनुष्यहत्येच्या वाटेवर आहे. बीदरला मेथॉडिस्ट मिशनने रुग्णालय काढले. कंकनाडीस फादर मुल्लरांनी १८८० साली गरिबांना होमिओपॅथीची औषधे देण्यास आरंभ केला, आणि १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभारला. ही माणसे प्रार्थना करीत होती, आणि औषधाची बाटलीही भरीत होती. त्यांच्या नावाने चालणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता आपल्या देवस्थानांकडे वळू. प्रार्थनासभेला जाणारी बाई तत्त्वज्ञान ऐकावयास जात नाही. तिच्या मुलाच्या मस्तकावर कोणी हात ठेवतो, त्याचे नाव घेऊन चार माणसे डोळे मिटतात, दुसऱ्या दिवशी कोणी घरी येऊन विचारपूस करतो. आपल्या गाभाऱ्याच्या उंबरठ्यापासून किती अंतरावर तिला उभे राहावे लागते, हे आपण कधी मोजले आहे काय? शिखरावर सोन्याचा मुलामा चढविण्यास वर्गणी जमते. रात्री बाळंतिणीला बीदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयात पोचविण्यास गाडी मिळत नाही. येत्या दत्तजयंतीपूर्वी ज्या समितीची बैठक असेल, तिने शिखराच्या आधी गाडीचा खर्च चर्चेस घ्यावा, आणि ती गाडी कोणाच्या दारी जाणार नाही, असा प्रश्न कोणी काढल्यास त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे.