घंटेचा सातबारा



या आठवड्याच्या टपालात भाईंदरहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "आमची सहल नाशिकला गेली होती. पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची भली मोठी घंटा पाहिली. ती वसईच्या लढाईत जिंकून आणली, असं कळल्यावर मी टाळ्या वाजवल्या. माझी उत्तनची मैत्रीण म्हणाली, 'म्हणजे ती आमच्या चर्चची! जिंकली कसली, उचलून आणली!' बसमध्ये कडाक्याचं भांडण झालं. आता ती माझ्याशी बोलत नाही. आमच्यात खरं कोणाचं?"

बाप रे! न्यायाधीश व्हायची हौस काही मला नाही. पण एका साक्षीदाराला तुम्ही दोघीही विचारायला विसरलात. तो साक्षीदार म्हणजे खुद्द घंटा!

घरातली जुनी पितळेची भांडी कधी निरखून पाहिलीत? काठाजवळ नाव, साल, कोणी कोणाला दिलं, असं काहीबाही कोरलेलं असतं. आमच्याकडे एका पातेल्यावर शेजारच्या काकूंचं नाव आहे. कधीतरी त्यातून खीर आली, खीर संपली आणि पातेलं आमच्याकडेच राहिलं! आम्ही कितीही 'आमचं, आमचं' म्हटलं तरी पातेलं खरं तेच सांगणार.

घंटेचंही तसंच. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. देऊळ बांधलं गेलं १७४७ मध्ये. म्हणजे घंटा देवळापेक्षा २६ वर्षांनी मोठी! शिवाय साल इसवी सनातलं. तेव्हा मराठी मुलखात ओतली असती, तर शके १६४३ असं काही दिसलं असतं. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मेरी माताच आहे. आता सांगा, या घंटा मुळात कुठल्या असतील?

भाईंदरहून विरारची लोकल पकडा. खाडीचा पूल ओलांडला की पलीकडे वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने उत्तनजवळच्या चौकचा धारावी किल्ला घेतला आणि मग मे महिन्यात वसई पडली. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा आजही उभा आहे. त्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या घंटा घाट चढून देवळांत पोचल्या.

वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याच्या शोधाला इंग्रजीत 'प्रॉव्हनन्स' म्हणतात. मी म्हणतो, वस्तूचा सातबारा! जमिनीच्या फेरफारात कशा सगळ्या नोंदी असतात, तशा इथेही हव्यात.

युरोपात हे काम फार मोठं आहे. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाची सत्ता होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युरोपभरातल्या चर्चमधून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या. कशाला? तोफा-दारूगोळ्यासाठी तांबं आणि कथील हवं होतं. सुमारे दीड लाख घंटा नष्ट झाल्या. युद्ध संपलं तेव्हा हॅम्बर्गच्या बंदरात हजारो घंटा वितळायची वाट बघत पडल्या होत्या. त्यांच्यावरची गावाची, संतांची, ओतणाऱ्या कारागिरांची नावं वाचून त्यांना घरी धाडण्यात आलं.

ज्यू कुटुंबांवर तर भयंकर वेळ आली. त्यांची चित्रं, पुस्तकं, चांदीची भांडी लुटली गेली. कित्येकांना जीव वाचवून पळण्यासाठी ती मातीमोल भावात विकावी लागली. त्यांतली अनेक चित्रं पुढे मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसली. १९९८ साली वॉशिंग्टनला ४४ देश जमले आणि अशा वस्तू शोधायच्या, वारसांशी न्यायाने वागायचं, असं ठरलं. तेव्हापासून संशोधक चित्र आधी उलटं करतात! मागे दुकानाची चिठ्ठी, शिक्का, क्रमांक असतो. रॉथशिल्ड कुटुंबाकडून लुटलेल्या वस्तूंवर नाझींनी 'आर' हे अक्षर आणि आकडा घातला होता. चोराने स्वतःच्या सोयीसाठी घातलेला आकडाच पुढे चोरी उघडी पाडायला कामी आला.

आता तुमच्या भांडणाकडे येऊ. वसईची लढाई दोन फौजांमधली होती. नाझींनी निःशस्त्र माणसांना लुटलं. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. पण प्रश्न मात्र सारखाच आहे: ही वस्तू आधी कोणाची होती?

टाळ्या वाजवणारी, तुला एक सांगतो. त्या घंटेच्या आवाजावर कोणीतरी रोज प्रार्थनेला जात होतं. ती उतरवली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे तुझ्या मैत्रिणीला कळलं. तुलाही कळायला हवं. आणि उत्तनच्या मैत्रिणी, तुलाही सांगतो. घंटा वसईकडून आली, इथवर ठीक. पण नेमक्या कुठल्या मनोऱ्यावरून आली, ते ठरवायला पुरावा लागतो. नुसतं 'आमची' म्हणून चालत नाही. शिवाय पावणेतीनशे वर्षांत नाशिककरांचाही तिच्यावर जीव जडलाय.

घंटा कुठे असावी, हे मोठी माणसं ठरवतील. पण देवळाच्या फलकावर तिचा पूर्ण सातबारा असावा, एकही जुनं नाव न खोडता, एवढं तर तुम्ही दोघी मिळून म्हणू शकता!

तो लिहायचा तर कागद लागणार. पेशवे दफ्तर पुण्यात, आणि ते मोडीत. पोर्तुगीजांचे कागद गोव्याच्या पुराभिलेखागारात, आणि ते पोर्तुगीज भाषेत. एकीने मोडी शिका, दुसरीने पोर्तुगीज. म्हणजे एकमेकींशी बोलल्याशिवाय काम पुढे सरकणारच नाही!

बाकीच्यांना गृहपाठ: घरातलं सगळ्यात जुनं भांडं शोधा, त्यावरचं नाव वाचा आणि आजीला विचारून त्याचा सातबारा मला लिहून पाठवा. मी तोवर काकूंचं पातेलं परत करून येतो. रिकामं नाही हं, खीर घालून!

तुमचा,
काका