नकाशा शोभेचा नव्हे

मा. संपादक,


सामाजिक इतिहासाला डिजिटल नकाशांची गरज नाही, हे आपल्या गेल्या अंकातील लेखाचे मत पटत नाही.

आधी तपशील. कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंनी पहिल्यापासून जातवार वसतिगृहे काढली, असे लेख सुचवतो. 1896चे राजाराम वसतिगृह सर्व जातींसाठी होते. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. मग 1901मध्ये व्हिक्टोरिया मराठा व जैन बोर्डिंग, 1906मध्ये मुस्लिम, 1908मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हा क्रम गाळला की अर्थ उलटा होतो.

नकाशावरच्या ठिपक्यांनी काय कळते, असा लेखकाचा सवाल. दसरा चौकात उभे राहून पाहावे: लिंगायत, जैन, मुस्लिम, मिस क्लार्क, सगळी वसतिगृहे हाकेच्या अंतरावर. सनांसह ती जुन्या नकाशावर बसवली की पंगती वेगळ्या असलेल्या मुलांची शाळेची वाट एकच होती का, हा प्रश्न उभा राहतो. नुसत्या यादीवरून तो सुचत नाही. शाहूंच्या 1919च्या हुकुमाने सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या झाल्या. त्या कोणत्या वस्तीपासून किती लांब होत्या, हेही नकाशावरच दिसेल. पाणी खरेच भरू दिले का, ते दप्तरातच शोधावे लागेल, एवढे मान्य.

लेखातला खर्चाचा मुद्दाही टिकत नाही. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. जुना नकाशा स्कॅन करून देवळाचा कोपरा, वेशीची कमान असे न हललेले बिंदू आजच्या नकाशाशी जुळवायचे. (रंकाळा तलावाचा काठ घेऊ नये, पाणी हलते.)

नगर भूमापन कार्यालयाने जुने नकाशे स्कॅन करून सर्वांना खुले करावेत.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर