सातबारा गावाकडे, पोट घाटकोपरला

जिल्ह्याच्या बैठकीला येणारा कोणी ना कोणी शहाणा सांगून जातो, तुमची शेती तोट्यात आहे कारण तुमचे तुकडे लहान आहेत, युरोपकडे पाहा. ठीक आहे, पाहू.

२०२० च्या गणनेत युरोपीय संघातले सरासरी शेत १७.४ हेक्टरांचे, म्हणजे ४३ एकरांचे भरले. सर्वांत मोठी शेते चेक प्रजासत्ताकात, सरासरी १२० हेक्टर. समाजवादी राजवटीने बांध मोडून सामुदायिक शेती केली, त्याचा तो वारसा. हॉलंडचे सरासरी शेत याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, पण हेक्टरी उत्पन्नात हॉलंड कितीतरी पट पुढे. कापूसवाल्यांनी ग्रीस पाहावा. युरोपीय संघातला बहुतेक कापूस तिथलाच, आणि शेतकरी लहानच. पण कपाशीला पाणी आहे, वर हेक्टरी वेगळे अनुदान आहे. रुईचा उतारा आपल्या दुपटीहून बराच जास्त. आपली कपाशी ढगाकडे डोळे लावून बसलेली. तेव्हा पाण्याचे आणि भावाचे पाप कोणी एकरांच्या माथी मारू नये.

तरीही तुकड्याचा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ उरली. कोरडवाहू सव्वातीन एकरांत ज्वारी-कापूस पेरून कोणाचे घर चालते? युरोपात शेते वाढली ती भाषणांनी नव्हे. २००५ ते २०२० या काळात तिथली ५३ लाख शेतीघरे घटली. पोरे पगाराच्या कामाला लागली, जमीन मागे राहिलेल्यांनी कसली. जिथे पक्के काम नाही तिथे तुकडा सुटत नाही. गरीब रुमानियात आजही संघातली जवळजवळ एक तृतीयांश शेते आहेत. तरुण इटली-स्पेनला मजुरीला, गावात म्हातारी माणसे.

आमची इटली म्हणजे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून किती घरे तिकडे गेली! पुढे घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातले कारखाने एकेक बंद पडले, जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. कामगाराचा पोरगा त्याच टॉवरच्या दारात वॉचमन झाला. त्याने गावची दोन एकर का सोडावी? तीच त्याची पेन्शन.

पण ती कसतो कोण? चुलतभाऊ, तोंडी बटाईने. कागद होत नाही, कारण कूळ लागेल ही धास्ती. मग कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. तो सावकाराच्या दारात. गारपिटीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. पुढच्या साली शेत आपल्याकडे राहील की नाही ठाऊक नाही, तो बांधबंदिस्ती कशाला करील?

फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त जमीन खंडाने कसली जाते. करार किमान ९ वर्षांचा, आणि मालकी मालकाचीच. आपल्याकडे नीती आयोगाने २०१६ साली खंडाच्या कायद्याचा नमुना काढला. आमची मागणी साधी आहे : मालकी अबाधित ठेवून लेखी खंड करता यावा आणि त्या कागदावर बँकेने पीककर्ज द्यावे.

यंदा पोळ्या-दिवाळीला मुंबईची माणसे गावी आली की बोलणे काढा. किती वर्षे, किती खंड, भरपाई आली तर कोणाची, हे भावाभावांत आधी ठरू द्या.