मिशेलमध्ये काय कमी होते?



रात्रीची जेवणे उरकली की घरोघरी मालिका सुरू होते. मालिकेत नायिका एकच असते आणि पुरुष दोन. एक लबाड, चंचल, नायिकेला रडवणारा. दुसरा शांत, प्रामाणिक, तिची कदर करणारा. शेवटी नायिका लग्न करते ते पहिल्याशी. मग आई चिडून म्हणते, "अगं, त्या चांगल्या पोरात काय कमी होते?" शेजारी बसलेली मुलगी काही बोलत नाही. उद्या स्थळ आले की हाच प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार, हे तिला कळत असते. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा नीट बघू.

२००३ ते २००६ या काळात सोनी वाहिनीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' ही मालिका लागत असे. चष्मा घालणारी, दातांना तारा लावलेली, साध्या घरातली हुशार मुलगी 'गुलमोहर' नावाच्या फॅशन कंपनीत नोकरीला लागते. मोना सिंगने केलेली ती जस्सी आपल्या वस्त्यांमधल्या पुष्कळ मुलींना जवळची वाटली. शिक्षण आहे, गुण आहेत, पण कपड्यांवरून आणि रूपावरून दारातच अडवले जाते, हा अनुभव आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जस्सीची मूळ गोष्ट मात्र दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातली. फर्नांदो गाइतान या लेखकाने ती लिहिली आणि १९९९ ते २००१ या काळात ती तिथे दाखवली गेली. नायिका बेआत्रिस, म्हणजे बेट्टी. मालिकेच्या नावातच तिला 'कुरूप' म्हटले आहे. ती अर्थशास्त्र शिकलेली, हिशेबात तरबेज. तरीही बोगोता शहरातल्या 'इकोमोदा' या कपड्यांच्या कंपनीत तिला सेक्रेटरीची जागा पत्करावी लागते. कंपनीचा तरुण मालक आर्मान्दो. त्याचे मार्सेला नावाच्या भागीदार मुलीशी लग्न ठरलेले. आर्मान्दो चुकीचे निर्णय घेऊन कंपनी कर्जात बुडवतो. मग सावकारांपासून वाचण्यासाठी कागदोपत्री एक दुसरी कंपनी उभी करतो आणि ती बेट्टीच्या नावावर ठेवतो. पुढे त्यालाच भीती वाटू लागते. ही मुलगी आपल्यावर उलटली तर? तेव्हा त्याचा मित्र सल्ला देतो, तिला प्रेमात पाड, म्हणजे ती तुझ्या मुठीत राहील. आर्मान्दो तसे करतो. मित्राने लिहिलेली चिठ्ठी एके दिवशी बेट्टीच्याच हाती लागते आणि तिला सगळे कळते. ती भागीदारांच्या सभेत कंपनीचा खरा हिशेब उघड करते आणि नोकरी सोडून निघून जाते.

ती जाते समुद्रकाठच्या कार्ताहेना शहरात. तिथे तिला मिशेल दुआनेल नावाचा फ्रेंच माणूस भेटतो. वागण्यात सभ्य, बोलण्यात मऊ, स्वतःच्या पायावर उभा असलेला. तो तिची टिंगल करत नाही, तिच्याशी खोटे बोलत नाही, तिच्याकडून काही काढून घ्यायचे त्याच्या मनात नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर पंचशील पाळणारा माणूस. प्रेक्षकांना वाटते, झाले, बेट्टीचे भोग संपले. पण बेट्टी बोगोताला परत येते, बुडालेली कंपनी सावरते, आर्मान्दो पश्चात्तापाने पोळतो आणि शेवटी ती लग्न त्याच्याशीच करते. मिशेल मागे राहतो.

मग मिशेलमध्ये काय कमी होते?

आधी मालिका लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहू. मालिका रोज चालवायची असते. तिला रोज एक भांडण, एक संशय, एक अश्रू लागतो. वाईट वागणाऱ्या माणसाला सुधारायला वाव असतो, म्हणून त्याची गोष्ट लांबवता येते. जो पहिल्या दिवसापासून चांगला आहे त्याच्यात बदल तो काय दाखवणार? शिवाय प्रेक्षकांनी कित्येक महिने आर्मान्दोबरोबर काढलेले असतात. मिशेल येतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. उशिरा आलेल्या पाहुण्याच्या हाती घराची किल्ली मिळत नाही. म्हणजे मिशेल हरतो तो त्याच्या एखाद्या दोषामुळे नव्हे. मालिकेने त्याला हरण्यासाठीच आणलेले असते. तो आला की आर्मान्दो जळतो आणि गोष्ट पुढे सरकते.

हे एकाच देशात घडले असेही नाही. जर्मनीत याच गोष्टीवरून मालिका निघाली. तिथली लिसा आपल्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या रोक्को कोवाल्स्कीशी लग्न ठरवते आणि ऐनवेळी त्याला सोडून मालक डेव्हिडशी लग्न करते. ते वर्ष २००६. मेक्सिकोतल्या मालिकेत आल्दो नावाचा भला आचारी होता. २००७ साली ती मालिका संपली तेव्हा नायिका लेती मालकाचीच झाली. आपल्या जस्सीनेही शेवटी अरमान सुरीलाच वरले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण निकाल तोच. फसवणाऱ्या मालकाने माफी मागितली की त्याला नायिका मिळते.

आता बेट्टीच्या बाजूने पाहा. मिशेलने तिला विसावा देऊ केला. पण तिला त्या वेळी विसावा नको होता. ज्या कंपनीत तिला कोपऱ्यातल्या कोंदट खोलीत बसवले, जिथे तिच्या रूपावर सगळे हसले, तिथेच मान वर करून बसण्याचे तिचे काम अपुरे राहिले होते. मिशेलला दिसली ती दुःखातून सावरणारी बेट्टी. तिची जुनी लढाई त्याने पाहिलेली नव्हती. माणूस चांगला असतो, पण आपल्या आयुष्याची जी पाने आपण स्वतः लिहिली ती त्याला वाचता येतातच असे नाही. यात त्याचा दोष नाही आणि तिचाही नाही. पसंती ही काही गुणपत्रिका नव्हे, की बेरीज जास्त भरली म्हणून पहिला नंबर.

भगिनींनो, हे आपल्या घरात आणून बघा. वधू-वर मेळाव्याचा कागद हाती येतो. शिक्षण पदवीपर्यंत, कायम नोकरी, स्वतःचे घर, व्यसन नाही, हुंडा घेणार नाही. सगळे कसे जुळलेले. मुलगी नाही म्हणते. लगेच आत्या, मावशी, काका सगळे तिला घेरतात. "तुला हवाय तरी कसा? काय कमी आहे त्याच्यात?" खरे तर हा प्रश्नच उलटा आहे. नकाराला मुलाचा दोष दाखवलाच पाहिजे असे आपण धरून चालतो. दोष दाखवता आला नाही की होकार आपोआप ठरतो. चांगुलपणाची किंमत म्हणून मुलगी देऊन टाकायची, असा हा व्यवहार होतो.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या आयाबायांना काय सांगितले ते आठवा. लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर नवऱ्यासमोर त्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका, असा त्या उपदेशाचा आशय होता. मैत्रीण आपण होऊन होते, कुणी नेमून होत नाही. ज्या मुलीला नाही म्हणायची मोकळीक नाही तिच्या होकाराला अर्थ काय? कायद्यानेही हे मानले आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्ध विवाहांनाही लागू आहे. जबरदस्तीने किंवा फसवून संमती मिळवलेली असेल तर ते लग्न न्यायालयातून रद्द करून घेण्याची सोय त्यात आहे. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. स्त्रीच्या संमतीची किंमत आपल्या समाजाला तरी वेगळी सांगायला नको.

आता बंधूंनो, तुमच्यासाठी दोन शब्द. थेरीगाथेत इसिदासी थेरीची कथा येते. उज्जैनीच्या श्रेष्ठीची ती मुलगी, साकेतला दिलेली. नवऱ्याच्या आधी उठायची, सासू-सासऱ्यांची सेवा करायची, घरकामात कुठे कमी पडत नव्हती. तिच्यात काही दोष नाही हे नवराही कबूल करत होता. तरी म्हणाला, हिच्याबरोबर मला राहायचे नाही, आणि तिला माहेरी पाठवून दिले. कथेत पुढे पूर्वजन्माचे कारण जोडले आहे. ते आपण मानत नाही, ते बाजूला ठेवू. मुद्दा असा, की सर्वगुणसंपन्न बायकोला सोडले तेव्हा जगाने तिच्यातच काहीतरी खोट शोधली. आणि सर्वगुणसंपन्न पुरुषाला एका मुलीने नाही म्हटले की जग म्हणते, मुलगीच वेडी. दोन्हीकडे बोट बाईकडेच.

हे नुसते मालिकेपुरते असते तर सोडून दिले असते. पण १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला परीक्षेच्या वर्गातच जिवंत जाळण्यात आले. तिचा दोष एवढाच, की तिने नकार दिला होता. वर्तमानपत्रांनी अशा प्रकारांना 'एकतर्फी प्रेम' हे नाव दिले. त्यात प्रेम कुठे आहे? 'मी इतके केले, म्हणून तू माझी झालीच पाहिजेस' ही मालकी आहे. २०१३ पासून नको म्हटल्यावरही मुलीचा पाठलाग करणे हा वेगळा गुन्हा ठरला आहे. घरातल्या मुलाला हे आईबापांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. सिनेमात नायक शंभर वेळा मागे लागतो आणि एकशे एकाव्या वेळी ती हसते. प्रत्यक्षात पहिल्या नकारालाच थांबायचे असते.

म्हणून मिशेलची खरी परीक्षा बेट्टीला जिंकण्यात नव्हतीच. नकारानंतर माणूस कसा वागतो त्यात त्याचा चांगुलपणा कळतो. मिशेलने तिच्यावर सूड उगवला नाही. बुद्धांच्या धम्मात मैत्रीला मोठे स्थान आहे, आणि मैत्री परतफेड मागत नाही. नकार ऐकून ज्याचा चांगुलपणा टिकला तो खरा चांगला. नकार ऐकताच ज्याची जीभ किंवा हात सुटला, त्याचा चांगुलपणा म्हणजे दुकानातली उसनवारी.

पण मुलींनो, मालिकेचा शेवट जसाच्या तसा गिळू नका. मिशेलला नाकारण्याचा हक्क बेट्टीला आहे, म्हणून आर्मान्दोला स्वीकारणे शहाणपणाचे ठरत नाही. ज्याने प्रेमाचे नाटक करून कागदपत्रे सांभाळली, त्याने मुसावादा, म्हणजे खोटे न बोलण्याचे शील मोडले आहे. त्याने पश्चात्ताप करावा, जरूर करावा. पण पश्चात्ताप ही सुरुवात आहे, बक्षीस मागण्याचे कारण नव्हे. नवऱ्याला सुधारणे हे बायकोचे काम, ही समजूत आपल्या किती तरी आयाबायांनी दारूड्या नवऱ्याच्या पायाशी आयुष्य घालवून फेडली आहे. २०२४ साली बेट्टीच्या गोष्टीचा पुढचा भाग आला. वीसेक वर्षांनंतरची ती कथा, आणि त्यात बेट्टी व आर्मान्दोचा संसार मोडण्याच्या टोकाला आलेला दाखवला आहे. गोड शेवट तिथल्या लेखकांनाही टिकवता आला नाही.

याच गोष्टीची अमेरिकेत मालिका निघाली, २००६ ते २०१०. तिथली बेट्टी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरातली. तिच्या आयुष्यातही भले पुरुष येऊन गेले. शेवटी तिचे लग्न होत नाही. ती स्वतःच्या कामासाठी लंडनला जाते. मालक तिच्या मागे तिथे पोचतो आणि एकत्र जेवायला येशील का, असे विचारतो. आज्ञा करत नाही, विचारतो. मालिका तिथेच संपते. मला पाचही शेवटांत हा बरा वाटतो. तिथे मुलगी कुणाच्या चांगुलपणाची देणेकरी नाही आणि कुणाच्या पश्चात्तापाचीही नाही.

तेव्हा यापुढे घरात मुलगी स्थळाला नाही म्हणाली, तर 'त्याच्यात काय कमी आहे' हे विचारू नका. तिला विचारा, तुझ्या मनात काय आहे? शिकायचे आहे का? नोकरी पक्की करायची आहे का? दुसरे कुणी मनात आहे का? की नुसतेच मन होत नाही? चारही उत्तरे खरी माना. आणि मुलगी हो म्हणाली, तरी एकदा एकटीला बसवून विचारा, हे तुझे हो आहे की आमच्या भिडेचे? चांगल्या मुलाच्या आईबापांना नम्रपणे नाही कळवता येते, त्यात कुणाची इज्जत जात नाही. मनाविरुद्ध दिलेली मुलगी मात्र जन्मभर त्या घरात पाहुणी राहते. त्या चांगल्या मुलावरही तो अन्यायच आहे.

जय भीम!